लेआउटची आणि वस्तीची शाळा एकच असावी : नागपूर महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मा. लोकप्रतिनिधी आणि शिक्षण विभाग,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : परिसरातील महापालिका शाळांची गुणवत्ता आणि त्या शाळांत एकत्र बसणारी मुले यांचा एकाच आराखड्यात विचार करण्याबाबत.

महोदय,

महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की चर्चा दोन वाटांनी जाते. एक वाट गुणवत्तेची : दहावीचा निकाल, वर्गातील डिजिटल फळा, नवी बाके, शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेली मुले. दुसरी पटसंख्येची : पट किती घसरला, कोणती शाळा कोणत्या शाळेत समायोजित करायची, अतिरिक्त ठरलेले शिक्षक कोठे पाठवायचे. परिसरातील कोणाकोणाची मुले या शाळेत एकमेकांशेजारी बसतात, हा तिसरा प्रश्न मात्र अंदाजपत्रकात किंवा त्यावरील चर्चेत क्वचितच दिसतो. पहिल्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी हा तिसरा प्रश्न आहे आणि तो बाजूला ठेवून केलेली सुधारणा फार काळ टिकत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. मी खासगी अनुदानित शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून दक्षिण-पश्चिम नागपुरात, हिंगणा मार्गाच्या बाजूला, बरीच वर्षे राहते. कोणत्याही एका शाळेचे नाव या पत्रात मुद्दाम घेतलेले नाही. कुठल्याशा मुख्याध्यापकांना खुलासे लिहीत बसावे लागावे, असा या पत्राचा हेतू नाही, आणि मी जे मांडते आहे ते थोड्याफार फरकाने लक्ष्मीनगर झोनपासून आसीनगर झोनपर्यंत लागू पडणारे आहे.

आमच्या परिसरात नागपूर कसे वाढले ते स्पष्ट दिसते. नागपूर सुधार प्रन्यासने मंजूर केलेले लेआउट, म्हणजे आखीव भूखंडांच्या वसाहती, त्यांच्या कडेने गुंठेवारीत नियमित झालेले किंवा होण्याची वाट पाहणारे भूखंड, नाल्याच्या काठाने पसरलेली झोपडपट्टी आणि या साऱ्यांच्या आधीपासून असलेले, शहराने पोटात घेतलेले एखादे जुने गाव, असे चार थर पाऊण किलोमीटरच्या आत सापडतात. लेआउटमध्ये बँकांतील, सरकारी कार्यालयांतील आणि मिहान या औद्योगिक प्रकल्पातील कंपन्यांतील नोकरदार राहतात. वस्तीत हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी काम करणारे, गवंडी, रंगारी, ऑटोचालक, भाजी विकणारे आणि त्याच लेआउटमधील घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया राहतात. बांधकामांवर छत्तीसगडमधून, बालाघाट आणि शिवनीकडून आलेली कुटुंबे असतात; त्यांतली काही पावसाळ्यात गावी जातात, काही इथेच स्थिरावतात. या सगळ्यांची मुले एका शाळेत आली असती तर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, उर्दू आणि तेलुगू घरांतील मुले एका वर्गात दिसली असती. प्रत्यक्षात लेआउटमधली मुले व्हॅन आणि ऑटोंत बसून पाच-सात किलोमीटरवरच्या कॉन्व्हेंटमध्ये (खासगी इंग्रजी शाळेला इथे हेच नाव आहे) जातात आणि चालत जाता येईल अशी शाळा वस्तीतल्या मुलांसाठी उरते. त्यातही गंमत अशी की भाषेने, प्रांताने आणि जातीने पाहिले तर शहरातील सर्वांत विविध वर्ग आजही महापालिकेच्या शाळेतच सापडतो. तिथे नाहीत ती फक्त ज्यांच्या घरी थोडाफार पैसा आहे आणि ज्यांचे म्हणणे कोणीतरी ऐकते, अशा घरांतील मुले.

हे विलगीकरण एका वर्षात झालेले नाही. आधी लेआउटमधील नोकरदारांनी मुले काढली, त्यांच्यामागून दुकानदारांनी, मग ऑटोचालकांनी आणि कारखान्यातील कायम कामगारांनी. आज वस्तीतल्या ज्या घरात दोन कमावती माणसे आहेत तिथले मूलही गल्लीतल्या चार खोल्यांच्या कॉन्व्हेंटमध्ये महिन्याची फी भरून जाते. त्या कॉन्व्हेंटमधले शिकवणे महापालिकेच्या शाळेपेक्षा चांगले असतेच असे नाही. व्यावसायिक अर्हता आणि ठरलेली वेतनश्रेणी असलेला शिक्षक अशा अल्प फीच्या शाळेत मिळणे कठीण, तर महापालिकेत ती नेमणुकीची अटच असते. पालक त्या फीतून बहुतेक वेळा सोबत विकत घेत असतो. आपले मूल कोणाबरोबर बसते, त्याचे मित्र घरी कोणती भाषा बोलतात, त्यांच्या आईवडिलांचा व्यवसाय काय, या गोष्टींवरून पालक शाळेची पारख करतात आणि हे सर्व थरांतील पालक करतात. त्याला ढोंग म्हणून हिणवण्याचे मला कारण दिसत नाही. महापालिकेने आपल्या शाळांचे नियोजन करताना हे वास्तव गृहीत धरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पट घसरला की पुढचे सारे नियमाने घडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. आणि स्वतंत्र मुख्याध्यापक हवा असेल तर पट दीडशेच्या वर हवा. कागदावर हे प्रमाण उदार आहे. पण पंचावन्न मुलांच्या शाळेत पाच इयत्ता दोन शिक्षकांनी सांभाळायच्या असतात आणि त्यांतल्याच एकाने मुख्याध्यापक म्हणून शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, गणवेशाचे हिशेब, बैठका हे सर्व पाहायचे असते. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शैक्षणिकेतर कामांपासून दूर ठेवले असले तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद केला आहे, आणि मतदारयादीचे काम काही निवडणुकीच्या महिन्यापुरते नसते. अशा वेळी एक शिक्षक तिसरीला गणित देऊन पहिलीकडे वळतो तेव्हा मधल्या दुसरीने काय करावे, या प्रश्नाला उत्तर नसते. वस्तीतली जी आई हे पाहते, ती पुढच्या जूनमध्ये कर्ज काढून मुलाला कॉन्व्हेंटमध्ये टाकते. पट आणखी खाली येतो आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, आणखी एक पद जाते. या साखळीत कोणी कामचुकार असायची गरज नाही. सगळ्यांनी आपापले काम नीट केले तरी शाळा रिकामी होत जाते.

याच साखळीची दुसरी कडी आवाजाची आहे. कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक शासकीय व स्थानिक प्राधिकरणाच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले, आणि कलम २२ ने शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिच्यावर सोपवले. तरतूद उत्तम आहे. पण बैठक दुपारी बारा वाजता ठेवली तर चार घरची कामे करणारी आई एका घरचे काम बुडवूनच येऊ शकते, आणि कामाच्या शोधात मजुरांच्या ठिय्यावर उभा राहणारा बाप दिवसाची मजुरी सोडूनच. ते येतात, सही करतात, निघून जातात. स्वच्छतागृहाला पाणी का नाही, विज्ञानाचे पद रिक्त का आहे, मागच्या वर्षी मागितलेली भिंत कोणत्या फायलीत अडकली आहे, हे लेखी विचारणारा, माहितीचा अधिकार वापरणारा, नगरसेवकाला फोन लावू शकणारा पालक त्याच रस्त्यावर राहतो; त्याचे मूल मात्र त्या शाळेत नाही. लेआउटमध्ये एक दिवस पाणी आले नाही तर झोन कार्यालयाचा फोन खणखणतो, कारण नळ सर्वांचा आहे. शाळेच्या बाबतीत हा समान हितसंबंध संपला आणि तिथेच तिची प्रशासकीय निगाही सैल झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत पाठवावीत असा निर्देश उत्तर प्रदेश शासनाला दिला होता, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. आदेशाने असे काही साधेल असे मलाही वाटत नाही, परंतु न्यायालयाने बोट ठेवलेली जागा बरोबर होती.

हा विचार नवा नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तक्रार हीच होती की कष्टकरी रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा आदेशही त्यांच्याच कारकिर्दीतला. म्हणजे शाळा काढणे आणि शाळेत सर्वांना एकत्र बसवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, याची जाण शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाच्या कारभारात होती. नागपूरकरांना तर यासाठी कोल्हापूरला जाण्याचीही गरज नाही. उमरेडकडची मुलगी, नागपूर स्थानकावर हमाली केलेली, एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिका झालेली जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिकवू लागली. ती अस्पृश्य समाजातील आहे असे कळताच सवर्ण पालकांनी मुले पाठवणे थांबवले आणि तिची नोकरी गेली. पुढे १९२० च्या दशकात तिने या शहरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आज कोणी जातीचे नाव घेऊन मूल शाळेतून काढत नाही. ‘तिथले वातावरण बरे नाही’ एवढे म्हटले की पुरते, आणि ते वाक्य उच्चारणाऱ्याला आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे बहुधा ठाऊक असते.

केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळा पद्धतीची आणि परिसरशाळेची शिफारस केली, ती याच कारणासाठी. परिसरातील सर्व मुले, जात, धर्म, उत्पन्न न पाहता, जवळच्या शाळेत जावीत म्हणजे ती एकमेकांना ओळखतील, आणि सुस्थित पालकांना सार्वजनिक शाळेत रस घ्यावाच लागेल, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समान शाळा पद्धतीचे तत्त्व मान्यही केले. नंतर त्याचे काय झाले हे आपण सर्व जाणतो.

शिक्षण हक्क कायद्याने उलट दिशेने वाट काढली. सरमिसळ सार्वजनिक शाळेत होत नसेल तर ती खासगी शाळेत व्हावी, म्हणून कलम १२(१)(क) अन्वये विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशस्तरावर किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना ठेवल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. माझ्या मते न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. मात्र शासनाच्या त्या भूमिकेत नकळत एक कबुली दडलेली होती. जवळ सरकारी शाळा आहे म्हणून गरीब मुलाने तिथेच जावे, असे जे शासन म्हणते, त्याने श्रीमंत मुलानेही तिथे जावे असे कधी म्हटले नाही. शहरांतील बहुतेक खासगी शाळांच्या एक किलोमीटरच्या आत कुठली तरी शासकीय किंवा अनुदानित शाळा असतेच. ती दुरुस्ती टिकली असती तर वस्ती आणि लेआउट यांच्यातला उरलासुरला दरवाजाही बंद झाला असता.

त्याच वेळी या २५ टक्के जागांसाठी निघणाऱ्या सोडतीचा महापालिकेच्या शाळेवर होणारा परिणामही नोंदवला पाहिजे. ऑनलाइन अर्ज भरणारी, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढणारी, मुदतीकडे लक्ष ठेवणारी आई म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीला जी हवी होती तीच आई. सोडतीत नाव निघाले की ती शाळेपासून दूर जाते. या प्रवेशांसाठी बनावट भाडेकरार आणि दाखले जोडल्याबद्दल नागपुरात पालकांवर गुन्हे दाखल झाले, हेही आपणास ठाऊक आहे. तो गुन्हा आहे आणि त्यामुळे एका खऱ्या हक्कदार मुलाची जागा जाते, यात वाद नाही. पण हव्या त्या खासगी शाळेपासून एका किलोमीटरच्या आतला पत्ता मिळवण्यासाठी माणसे तुरुंगाची जोखीम घेत असतील, तर आपल्या पत्त्यावरची सार्वजनिक शाळा त्यांच्या हिशेबात धरलीच जात नाही, हा अर्थ महापालिकेने घ्यायला हवा.

आता महापालिकेने स्वतः जे केले त्याविषयी. शहराच्या सहा विधानसभा मतदारसंघांत प्रत्येकी एक इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू झाली, निवडक विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि संरक्षण दलांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून देणारा ‘सुपर ७५’ उपक्रम निघाला. मुंबई महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने केंद्रीय मंडळाच्या शाळा काढल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. पालकांना महापालिकेचे वावडे नाही, हे त्यातून सिद्ध झाले, आणि ते सिद्ध होणे आवश्यकच होते. अशा उपक्रमांना मी विरोध करणार नाही. मात्र एका मतदारसंघात एकच चांगली शाळा असेल, तर ती आसपासच्या दहा शाळांतील उरलेसुरले जागरूक पालक आणि हुशार मुले ओढून घेते, आणि महापालिकेच्या आतच कॉन्व्हेंट व वस्तीची शाळा अशी जुनी फाळणी नव्याने उभी राहते. लेआउटमधला पालक तिच्याकडेही परिसरशाळा म्हणून पाहत नाही. ती त्याच्या घरापासून तितकीच लांब असते. ज्या शाळेचा दर्जा उंचावला तिच्यामुळे शेजारच्या शाळेचा पट किती कमी झाला, हा आकडा अशा प्रत्येक उपक्रमाच्या अहवालात असला पाहिजे.

मग सुरुवात कोठून व्हावी? माझे उत्तर वयाच्या तिसऱ्या वर्षापासून, हे आहे, आणि या पत्रातील सर्वांत महत्त्वाची मागणी मी हीच समजते. कॉन्व्हेंट मूल तिसऱ्या वर्षी नर्सरीत घेते. महापालिकेची शाळा त्याची सहाव्या वर्षी पहिलीत वाट पाहते. मधल्या तीन वर्षांत वस्तीतले मूल अंगणवाडीत जाते, लेआउटमधले मूल केजीत, आणि दोघांच्या पालकांच्या ओळखी, सवयी, व्हॅनचे वेळापत्रक, थोरल्या भावंडाची शाळा हे सारे ठरून गेलेले असते. नर्सरीसाठी भरलेली रक्कम आठवून कोणी पहिलीत शाळा बदलत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे धोरणाचा आधारही तयार आहे. महापालिकेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेच्या आवारात तीन वर्षांचे पूर्वप्राथमिक वर्ग असावेत, परिसरातील अंगणवाडी शक्य तिथे त्याच आवारात यावी, आणि शिकवणाऱ्या ताईंना प्रशिक्षण व पूर्ण मानधन मिळावे. लेआउटमधील दोघेही नोकरी करणारे तरुण पालक आज चांगल्या, जवळच्या, सुरक्षित बालवर्गासाठी व्याकूळ आहेत. पाळणाघरासाठी त्यांना मोठी रक्कम मोजावी लागते. त्यांच्यापैकी काही जण जरी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन महापालिकेच्या फाटकातून आत आले, तरी त्यातले थोडे तरी पहिलीला तिथेच थांबतील. सहाव्या वर्षी त्यांना बोलावण्यात मात्र अर्थ नाही.

दुसरा विषय माध्यमाचा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषा इथे कारभारात आणि बाजारात नांदत आल्या. मोमिनपुऱ्यातील विणकरांची उर्दू, जरीपटक्यातील सिंधी, कोष्टी-हलबांची आपली बोली, धंतोलीतील बंगाली घरे, हे सर्व या शहराचे आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांत चालतात, ही तिची मोठी सेवा आहे आणि मातृभाषेतून शिकण्याचा कोणाचाही हक्क कमी करावा असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक माध्यमाची इमारत वेगळी, तिचा पट वेगळा, तिचे संमेलनही वेगळे, अशी व्यवस्था असली की माध्यम हेच धर्म आणि प्रांत यांचे कुंपण होऊन बसते. एका आवारात दोन-तीन माध्यमांचे वर्ग, एक मैदान, एक ग्रंथालय, एकत्र परिपाठ, एकत्र खेळ, चित्रकला व संगीताचे तास आणि एकच शाळा व्यवस्थापन समिती, ही रचना जिथे इमारत पुरेशी आहे तिथे लगेच करता येईल. एकेका माध्यमाचा पट कमी असला तरी आवाराचा एकत्रित पट हिशेबात धरून शिक्षकसंख्या ठरवावी, असा आग्रह महापालिकेने राज्य शासनाकडे धरला, तर समायोजनाची टांगती तलवारही काही शाळांवरून निघेल.

इंग्रजीची ओढ ही पालकांची चूक आहे असे समजणारे माझ्या पिढीतले अनेक शिक्षक आहेत. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालीच सुरू झाला. वरच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमी इंग्रजी पद्धतही जुनी आहे. मराठी हा पाया ठेवून इंग्रजी चांगले येऊ शकते, हे पालकाला पटवायचे असेल तर त्याला भाषण नको, चौथीतल्या मुलाने त्याच्यासमोर इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला हवे. मुलाखतीला गेलेल्या वस्तीतल्या तरुणाला इंग्रजी न आल्यामुळे काय ऐकावे लागते, ते मातृभाषेचा पुरस्कार करणाऱ्या आम्हा लोकांना सहसा ऐकावे लागलेले नसते.

सुस्थित पालकांची एक भीती असते की मिश्र वर्गात आपल्या मुलाचा अभ्यास मागे पडेल. दिल्लीतील काही खासगी शाळांना गरीब घरांतील मुलांसाठी जागा ठेवणे भाग पडल्यानंतर तिथल्या श्रीमंत विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला, याचा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली मुले अधिक उदार आढळली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करताना दिसली, त्यांच्यासोबत खेळण्यास अधिक तयार झाली. एकूण गुणांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, इंग्रजीच्या गुणांत किंचित घट मात्र आढळली. ती घट मी मुद्दाम सांगते आहे, कारण सरमिसळ फुकट होते असे पालकांना सांगितले तर ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. वर्गात चांगला शिक्षक आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी जादा तास असतील तर ही किंमत फार थोडी आहे.

उलट भीतीही तितकीच खरी आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. शाळा सुधारली, लेआउटमधील पालक आले, की वर्गणी, सहलीचा खर्च, प्रकल्पाचे साहित्य, व्हॉट्सअप गटावरच्या सूचना यांतून ती हळूहळू त्यांच्या सोयीची होते आणि वस्तीतले मूल मागच्या बाकावर सरकते. मोलकरणीचे मूल आणि मालकिणीचे मूल एका वर्गात बसवणे हे अवघड काम आहे. ते आपोआप घडत नाही. म्हणून प्रवेश परिसरातल्या अंतरावरच व्हावेत, चाचणी कोणत्याही नावाने नसावी, जागा अपुऱ्या पडल्या तर आधी वस्तीतील मुलांना प्राधान्य मिळावे, आणि शाळेत कोणतीही ऐच्छिक वर्गणी घेतली जाऊ नये. पोषण आहार सर्वांनी एकत्र बसून घ्यावा. व्यवस्थापन समितीच्या बैठका संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी घ्याव्यात आणि तिच्या अध्यक्षपदी वस्तीतील पालक, शक्यतो स्त्री, असेल हे पाहावे.

माहितीविषयी थोडेसे. यूडायस या शासनाच्या शालेय माहिती प्रणालीत प्रत्येक शाळेची पटसंख्या, विद्यार्थ्यांचे सामाजिक प्रवर्ग, शिक्षक आणि सुविधा दरवर्षी नोंदवल्या जातात. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या अहवालाचे घरोघरी जाऊन केलेले सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असल्यामुळे गडचिरोलीच्या खेड्यातील मुले वाचू शकतात की नाही यावर जशी चर्चा होते, तशी नागपूरच्या प्रभागांविषयी होत नाही. महापालिकेने प्रत्येक शाळेचे एक पानी पत्रक मराठी, हिंदी आणि उर्दूत काढून शाळेच्या फाटकावर व झोन कार्यालयात लावावे : किती मुले, किती मंजूर व किती भरलेली पदे, इयत्तेनुसार किती मुलांना वाचता येते, परिसरातील किती मुले बाहेर शिकायला जातात. आणि कोणतीही शाळा बंद किंवा समायोजित करण्यापूर्वी त्या परिसरात जाहीर सुनावणी व्हावी, ज्यात सात वर्षांच्या मुलाला नव्या शाळेत जाण्यासाठी कोणता रस्ता ओलांडावा लागेल याचा नकाशा पालकांसमोर ठेवला जाईल. रिंग रोडवर ट्रक कसे धावतात हे आपण रोज पाहता. रिकाम्या झालेल्या शाळेची जागा अन्य कार्यालयाला किंवा भाड्याने देण्याचा निर्णय तर अशा सुनावणीशिवाय होऊच नये, कारण भरवस्तीत शाळेएवढे मैदान पुन्हा मिळत नाही.

हे सर्व एकाच वेळी, सर्व शाळांत करावे अशी माझी मागणी नाही. दहा झोनपैकी दोन निवडा : एक असा जिथे लेआउट आणि वस्ती लागून आहेत, आणि एक असा जिथे दोन-तीन माध्यमांच्या शाळा एकमेकींजवळ आहेत. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तोवर मार्च-एप्रिल हाती असतात. त्या दोन महिन्यांत तीन ते सहा वयाच्या मुलांची घरोघर नोंद घ्यावी, आणि ती घेताना शिक्षकांनी वस्तीत जसे जावे तसे लेआउटमधल्या फाटकांची घंटाही वाजवावी. आजवर पटनोंदणीचे पथक आमच्या दारावरून पुढे जाते, कारण इथे विचारून उपयोग नाही असे सगळ्यांनीच धरून ठेवलेले आहे. या वर्षी त्यांनी विचारावे. मी स्वतः आणि माझ्यासारखे काही निवृत्त शिक्षक त्यांच्यासोबत घरोघर जायला तयार आहोत, तसेच बालवर्गात आठवड्यातून काही तास विनामोबदला गोष्टी सांगायला आणि वाचन घ्यायलाही. त्यासाठी झोनच्या शिक्षण विभागाने लेखी परवानगी द्यावी आणि संपर्कासाठी एक अधिकारी नेमून द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
दक्षिण-पश्चिम नागपुरातील एक रहिवासी व निवृत्त शिक्षिका